पांढरी पाचच्या थोडं वर

३ जानेवारी, शुक्रवार

"देवकी, तुझी पेटी दुसऱ्याला वाट करून देते. स्वतः चालत नाही."

मला पेटी शिकवणाऱ्या कुसुमताईंनी हे मला बावीस वर्षांपूर्वी सांगितलं, धंतोलीच्या त्यांच्या खोलीत, वाटाणे सोलता सोलता, मान वर न करता. मी चोवीस वर्षांची होते. विद्यार्थिनींच्या कार्यक्रमात पंधरा मिनिटं एकटीनं पेटी वाजवू द्या, असं विचारायला गेले होते. पंधरा मिनिटं मिळाली नाहीत. वाटाणे मिळाले, उरलेले सोलायला.

पुढे सहा महिन्यांत ताईंची बोटं संधिवातानं आखडली. त्यांनी वाजवणं थांबवलं आणि आपली स्वतःची पेटी मला देऊन टाकली. तेव्हाही आशीर्वाद वगैरे काही नाही. "हिला हवा लागू देत जा," एवढंच म्हणाल्या. ती पेटी घेऊन मी गेली एकोणीस वर्षं महादेवरावांच्या गाण्याला साथ करते आहे. म्हणजे करत होते.

आज महादेवरावांनी चहाला बोलावलं आणि म्हणाले, "देवकीबाई, आता थोडी विश्रांती घ्या." मला वाटलं माझ्या तब्येतीची चौकशी आहे. मी म्हटलं, मी बरी आहे. मग ते म्हणाले की नव्या प्रायोजकांना सारंगी आवडते. प्रायोजकांचा लोखंडी सळाखींचा व्यवसाय आहे. सळाखीवाल्या माणसाला सारंगी का आवडावी, यावर मी परत येताना सीताबर्डीपर्यंत विचार केला. त्या नादात मेट्रोचं एक स्टेशन पुढे गेले.

घरी पायलला सांगितलं. पायल माझी मुलगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"आई, तू काहून काही बोलली नाही?"

मी म्हटलं, साथ करणारा माणूस मध्येच बोलत नाही.

"ते स्टेजवर. तू तं चहा पिऊन राहिली होती."

तिचीच अर्धी कोरी वही घेऊन लिहायला बसले आहे. पहिल्या पानावर 'केमिस्ट्री, युनिट १' असं लिहिलं आहे. ते खोडलं नाही. कशाचं तरी युनिट एक असेलच हे.

ठरलेला एकच कार्यक्रम उरला आहे. अठरा तारखेला, खापरखेड्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत. तेवढा करून विश्रांती.

११ जानेवारी, शनिवार

ताईंच्या घरी महिन्याचा फोन केला. ताई फोनवर बोलत नाहीत. फोनमध्ये सूर खरा येत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि खोट्या सुरात बोलायचं कशाला. त्यामुळे त्यांची काळजी घेणारी सरिता मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करते.

ताईंना झोप येत नाही म्हणाली. गोळ्या बदलून झाल्या, पायाला तेल लावून झालं. पहाटेपर्यंत टक्क जाग्या असतात आणि सकाळी सरिताला सांगतात की पंख्याचं एक पातं बेसूर आहे.

मी खापरखेड्याला जाणार म्हटल्यावर सरिता खुलली. "तिथं माझे मामा होते ना, देवकीताई. नत्थूमामा. रिटायर झाले, पण जीव तिथंच आहे त्यांचा. भेटले तं सांगा, सरितानं विचारलं म्हणून."

महादेवरावांचं मी ताईंना कळवलं नाही. कळवलं असतं तर सरितानं ते मोठ्यानं सांगितलं असतं आणि मला ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं असतं.

१९ जानेवारी, रविवार

काल जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी चारला मी खापरखेड्याला पोचले आणि महादेवरावांचा फोन आला. म्हणजे फोन त्यांचा होता, आवाज कोणाचा ते कळत नव्हतं. सकाळी प्रायोजकांबरोबर तर्रीपोहे खाल्ले, झणझणीत तर्री दोनदा घेतली, गळा बसला. तबलजी त्यांच्याच गाडीतून येणार होते, म्हणून तेही घरी. "तासभर सांभाळून घ्या," असं काहीतरी घोगरं बोलून त्यांनी फोन ठेवला.

कार्यक्रम निवृत्त कर्मचाऱ्यांच्या मंडळाचा. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे सरिताचे नत्थूमामाच निघाले. किडकिडीत, कानाला मफलर, आणि बोलणं ऐकताना मान अशी कलती करतात की आपण काही तरी महत्त्वाचं बोलतोय असं वाटावं. मी त्यांना सरिताचा निरोप दिला आणि गायक येत नसल्याची बातमी दिली. निरोपानं ते इतके खूश झाले की बातमीचं त्यांना फारसं वाटलं नाही.

"गायक नाही आले तं नाही आले," ते म्हणाले. "पेटी तं आली ना."

ठेक्यासाठी त्यांनी प्रशिकला धरून आणलं. प्रशिक कंट्रोल रूममध्ये कामाला आहे, तिशी ओलांडलेला, आणि चौदा एप्रिलला त्याची गायन पार्टी इथून रामटेकपर्यंत गाजते म्हणे. तो शिफ्ट संपवून डबा हातात घेऊनच आला. ढोलकी मांडीवर घेत म्हणाला, "ताई, मले शास्त्रीय नाही येत. थांबायचं केव्हा, तेवढं डोळ्यानं सांगा." इतकी स्पष्ट अट मला आजवर एकाही तबलजीनं घातलेली नाही.

बसल्याबरोबर मला तो सूर ऐकू आला. हॉलच्या मागेच मोठे ट्रान्सफॉर्मर आहेत. त्यांची सलग गुणगुण, न थांबणारी, श्वास न घेणारी. कोणी गुणगुणत असलं की माझं लक्ष आपोआप तिकडे जातं, तेवढंच. मी पांढरी पाचला सा धरला. म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, नेहमीची, ओळखीची. आलापी सुरू केली.

तर माझा सूर आणि ती गुणगुण यांच्यामध्ये काहीतरी धडधडायला लागलं. वँव, वँव, वँव. सेकंदाला तीन-चार वेळा. मला वाटलं, भीतीनं माझ्याच कानात होतंय.

तिसऱ्या रांगेतले एक आजोबा ताठ झाले. शेजारच्यानं मफलर काढला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि उठले. मग त्यांच्या मागची रांग उठली. दोन मिनिटांत चाळीसेक पुरुष हॉलबाहेर गेले, आणि चालत नाही, धावत. काहींच्या चपला आतच राहिल्या. कार्यक्रमातून उठून जाणारे मी खूप पाहिले आहेत. फोन येतो, बस चुकते, लहान मूल रडतं. पण सत्तरीचे चाळीस लोक माझ्यापासून पळून जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते. वळून पाहिलं तर ढोलकी जमिनीवर होती आणि प्रशिकही गेला होता.

मी वाजवतच राहिले. धैर्य वगैरे काही नाही. एकोणीस वर्षांत मला थांबायची सवयच नाही. दुसरं कोणी तरी थांबतं, मग मी थांबते. अखेर भाता हलवणारा हात दुखला तेव्हा थांबले, आणि त्याच क्षणी बाहेरून कोणी तरी ओरडलं, "बंद झालं, बंद झालं."

सगळे घामाघूम होऊन परत आले. नत्थूजींनी माइक घेतला.

"बाई, माफी करा. आमाले वाटलं, बेअरिंग गेलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. टर्बाइनच्या शेजारी चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला यंत्राचा आवाज कानानं नाही, अंगानं कळतो. आवाज असा धडधडायला लागला की कुठे तरी काही तरी बिघडतंय, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं आहे की रिटायर झाल्यावरही पाय आपोआप उठतात. बाहेर जाऊन पाहिलं तर सगळं ठीक.

मी सा दाबला. वँव, वँव. सोडला. गेलं. पुन्हा दाबला. चाळीस माना एकदम कलत्या झाल्या. मागे कोणी तरी फिसकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. नत्थूजी मंचावर आले, गुडघ्यावर बसले आणि यंत्राला लावतात तसा त्यांनी माझ्या पेटीला कान लावला.

"पेटी चांगली आहे तुमची," ते म्हणाले. "पण आमच्यापेक्षा जरा खाली चालून राहिली."

माझ्या वाजवण्याबद्दल वर्तमानपत्रात तीनदा छापून आलं आहे, तिन्ही वेळा 'समर्पक साथ'. इतकं नेमकं कोणीच बोललं नव्हतं.

पुढचा तास नत्थूजींच्या पत्नी पार्वतीबाईंनी आणि त्यांच्या भजनी मंडळानं सांभाळला. मी सूर बदलून त्यांना साथ केली. छान झालं. म्हणजे शेवटी साथच झाली.

२१ जानेवारी, मंगळवार

प्रशिकचा फोन आला, मंचावरून पळाल्याबद्दल माफी मागायला. मी विचारलं, तो सूर नेमका कोणता? तो म्हणाला, सोपं आहे, वीज सेकंदाला पन्नास वेळा फिरते, ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट गुणगुणतो. पेटीच्या भाषेत मी मोजलं तर पांढरी पाचच्या थोडं वर. काळी चारला पोचत नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत राहणारा सूर.

"आणि अख्ख्या देशात हाच, ताई. एकच तार आहे म्हणा ना. तुमच्या फ्रिजचाबी हाच."

फोन ठेवून मी पेटी स्वयंपाकघरात नेली आणि फ्रिजसमोर बसून सा दाबला. वँव, वँव, वँव.

पायल पाणी प्यायला आली. बराच वेळ उभी राहून म्हणाली, "आई, तू आता फ्रिजची साथ करून राहिली का?"

मला एवढंच सुचत होतं की या घरात मी इतकी वर्षं रियाज केला, आल्यागेल्या प्रत्येकाचा सूर सांभाळला, आणि हा एक जण रोज गात होता, त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

नत्थूजींचा फोन. नऊ मार्चला निवृत्तांचं वार्षिक संमेलन आहे. कमिटीत ठराव झाला: देवकीबाई एकट्या वाजवतील, एक तास, गायक नको. एक मत विरोधात पडलं, पण ते गृहस्थ चहालाही विरोध करतात म्हणे.

"फक्त पेटी आमच्या सुराले आणा," ते म्हणाले. जसं काही स्कूटर दुरुस्त करून आणा.

एक तास. एकटी. बावीस वर्षांपूर्वी मी पंधरा मिनिटं मागितली होती.

पण पेटीचा सूर तंबोऱ्यासारखा खुंटी पिळून वर नेता येत नाही. आतली एकेक पितळी पट्टी टोकाशी घासावी लागते. आणि ही पेटी ताईंची आहे.

२७ जानेवारी, सोमवार

महाल भागात रामाजींच्या दुकानी गेले. ताईंची पेटी त्यांनीच चाळीस वर्षांपूर्वी जुळवली होती. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि ओळखीच्या माणसाला पाहून हसावं तसे हसले. मी काय हवं ते सांगितल्यावर झाकण बंद केलं.

"हा सूर कुसुमबाईनं माझ्या बाजूले बसून लावून घेतला. सात दिवस रोज येत होत्या, दुपारचा डबा घेऊन. चौऱ्याऐंशी पट्ट्या आहेत यात. घासलेलं पितळ परत येत नाही, बाई."

मी मोबाईलवर फ्रिजचा आवाज भरून नेला होता. तो त्यांना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, दोन मिनिटं, तीन मिनिटं.

"कोण आहे हा?"

"फ्रिज."

त्यांनी आवाज पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "पक्का आहे." आणि म्हणाले, कुसुमबाईंना विचारून या, त्या हो म्हणाल्या तर करतो.

विचारते म्हणून आले.

३० जानेवारी, गुरुवार

विचारलं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज फोन हातात घेतला होता. पण कसं विचारायचं? सरिता मध्ये उभी राहून मोठ्यानं ओरडणार: ताई, देवकीताई तुमची पेटी फ्रिजच्या सुराले घासू का म्हणून विचारून राहिल्या. आणि ताई वाटाण्यांकडे बघत राहणार.

खरं कारण हे नाही. खरं कारण असं की त्या नाही म्हणतील आणि मी ऐकेन. मी नेहमी ऐकते. आणि मग नऊ मार्चही विश्रांतीत जाईल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रामाजींना सांगितलं, ताई हो म्हणाल्या.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "नीट विचारलं ना?" मी मान हलवली. सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं सत्तर ओलांडलेल्या माणसाशी इतकं सरळ खोटं बोलायचं. घरी येऊन दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा साखर विसरले.

१० फेब्रुवारी, सोमवार

पेटी आली. सहा दिवस लागले. रामाजी पार बदलून गेले आहेत. पन्नास वर्षं तंबोऱ्यावर पेट्या जुळवल्या म्हणाले, पण तंबोरा दर दहा मिनिटांनी उतरतो. हा गडी सहा दिवसांत केसभर हलला नाही. मला विचारत होते की हा फ्रिज विकायचा कधी विचार झाला तर आधी त्यांना सांगावं. मी म्हटलं, तुमच्या घरच्या फ्रिजचाही हाच सूर आहे. त्यांना ते पटलं नाही.

दुपारी स्वयंपाकघरात बसले आणि सा लावला. धडधड नाही. माझा सा कुठे संपतो आणि तो कुठे सुरू होतो ते कळेना. घाबरून मी बोट उचललं. सूर तिथेच होता. पुन्हा ठेवलं. असं वाटलं, आजवर मी प्रत्येक मैफिलीत उभी होते, आज कोणी तरी बसायला पाट दिला.

चाळीस मिनिटं एकटी वाजवत होते. मध्ये फ्रिज बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंत मी थांबले, तेवढी सवय गेलेली नाही. पायलनं त्यातली बारा-तेरा मिनिटं मोबाईलवर भरली आणि नत्थूजींना नमुना म्हणून पाठवली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नत्थूजींनी तो नमुना निवृत्तांच्या ग्रुपवर टाकला. पाच दिवसांत मला एकतीस संदेश आले. काही इथे उतरवून ठेवते.

'मॅडम, आपले वादन ऐकून बाराव्या मिनिटाला झोप लागली. हार्दिक आभार.'

'आदरणीय ताई, मला नवव्या मिनिटाला. शेवट कसा आहे ते ऐकायचे राहिले.'

'माझ्या मिसेसला तिसऱ्याच. तिला आधीपासून संगीताची आवड आहे.'

पायल हसता हसता दिवाणावरून खाली सरकली. मी नाही हसले. बावीस वर्षांनी माझी पेटी स्वतः चालायला लागली आणि लोक झोपले.

संध्याकाळी पार्वतीबाईंचा फोन आला. नत्थूजी तीन वर्षांपूर्वी रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि मानकापूरला फ्लॅट घेतला. फ्लॅट चांगला आहे, हवा येते, लिफ्ट आहे. फक्त तिथं तो आवाज नाही. चौतीस वर्षं त्या गुणगुणीत झोपलेला माणूस तिथं झोपेना. दुपारी स्कूटर काढून खापरखेड्याला जायचा आणि हॉलच्या ओट्यावर तासभर पडून यायचा. घरच्यांना सांगायचा, मंडळाचं काम होतं.

"मंगळवारी आपल्या पलंगावर झोपले, वं बाई," पार्वतीबाई म्हणाल्या. "तीन वर्षांनी. मी दोनदा नाकासमोर हात धरून पाहिला."

नंतर त्यांनी विचारलं, तेरा मिनिटांच्या पुढचं मिळेल का.

सगळे संदेश पुन्हा वाचले. एकतीसही जणांना लिहिलं, आभारी आहे, शेवट नऊ मार्चला ऐका.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताईंच्या घरी फोन केला. पेटीचं सांगून टाकायचं असं ठरवूनच केला होता.

सरिता आनंदात होती. ताईंना आठवडाभर गाढ झोप लागते आहे. मी विचारलं, डॉक्टर बदलले का? नाही म्हणाली, नत्थूमामानं तिच्या मोबाईलवर काही तरी पाठवलं, तेच ताई रोज लावायला सांगतात. "काय आहे माहीत नाही. मले ऐकूच नाही देत. दार लोटायले सांगतात अन् मोबाईल कानाशी धरून बसतात."

एखादं स्तोत्र असेल. नत्थूजी तसे भाविक वाटतात. पण फोनमध्ये सूर खरा येत नाही म्हणणाऱ्या ताई मोबाईल कानाशी धरतात, याचं नवल वाटलं. वय झालं की माणूस मऊ होतो.

मग ताईंनी आतून काही तरी विचारलं. सरिता म्हणाली, "रामाजी अजून हाय का, म्हणून विचारून राहिल्या."

मी म्हटलं, आहेत, ठणठणीत आहेत, डोळे आणि हात दोन्ही चांगले आहेत. सरितानं ते सांगितलं. आतून ताईंचा आवाज आला, "मग ठीक आहे."

एकोणऐंशीव्या वर्षी माणूस आपल्या वेळचे किती उरले ते मोजत असेल. मला गलबलून आलं आणि पेटीचं सांगायचं राहिलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

महादेवरावांचा फोन, या वेळी गळा मोकळा. सारंगीवाल्यांचं आणि त्यांचं पटलं नाही. सारंगीवाले मध्येच बोलतात. नऊ मार्चला प्रायोजकांच्या नव्या गोदामाचं उद्घाटन आहे, पेटी घेऊन या.

मी म्हटलं, नऊ मार्चला मी खापरखेड्याला आहे.

"तिथं लोक झोपतात म्हणे तुमच्या वाजवण्यात."

"हो," मी म्हटलं. "आणि उठून आभार मानतात."

हे मी खरंच बोलले. पायल समोर होती, ती साक्ष देईल. महादेवराव बघू म्हणाले. एकोणीस वर्षांचं काम बहुधा आज गेलं. या बोलण्याच्या नादात दूध उतू गेलं. त्याचं वाईट वाटलं. दुधाचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

खापरखेड्याला हॉल बघून आले. बसले, सा लावला, मागच्या ट्रान्सफॉर्मरना तो मिळाला आणि नत्थूजी भिंतीला टेकून पाच मिनिटांत घोरायला लागले. कमिटीनं तालीम मंजूर केली.

प्रशिक त्या दिवशी ढोलकीला नाही. त्यानं मुद्दाम नऊ तारखेची ड्यूटी मागून घेतली आहे. मी म्हटलं, अरे, तुला ऐकायला नको का? तो म्हणाला, "ताई, तंबोऱ्यावर कोणी तरी बसावं लागते ना. मी तिथं बसतो." त्याच्या हातात तसं काही नसतं, सूर सगळ्या देशाचा आहे. पण तो कंट्रोल रूममध्ये बसून आपल्यासाठी लक्ष ठेवणार, हे ऐकून मी त्याला ड्यूटीची वेळ दोनदा विचारून घेतली.

नत्थूजी जागे झाल्यावर म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त माझ्या मागे कोणी तरी बसलेलं पाहिजे. मंच रिकामा दिसतो, आणि फोटोत तर फारच. एखादा खरा तंबोरा घेऊन कोणी मिळालं तर बघा. तंबोरा काय, या सुराला लावता येतो.

परतीच्या वाटेवर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होतं. मी ते डोक्यातून काढून टाकलं. ते कोराडीपर्यंत परत आलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईंना पत्र लिहिलं. फोनवर सरिताकरवी सांगण्यासारखं हे नाही. तीन कागद फाडले, चौथा राहिला. उद्या पायलच्या हाती धंतोलीला पाठवीन. उत्तर काय येईल ते मला माहीत आहे, म्हणून इथे उतरवून ठेवते. निदान मी विचारलं होतं, याचा पुरावा राहील.

'ती. ताईंना सा. न.

आधी गुन्हा सांगते. तुमची पेटी मी घासून घेतली. पांढरी पाच आता पांढरी पाच राहिलेली नाही, थोडी वर गेली आहे, आणि तिच्याबरोबर सगळ्याच पट्ट्या. रामाजींची चूक नाही. तुम्ही हो म्हणालात, असं मी त्यांना खोटं सांगितलं. तुम्हाला न विचारण्याचं कारण असं की तुम्ही नाही म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं.

कशासाठी घासली ते कागदावर समजणार नाही, ऐकावं लागेल. खापरखेड्याच्या वसाहतीत एक हॉल आहे, त्याच्या मागे एक सूर आहे, तो कधी उतरत नाही. नऊ मार्चला मी त्याच्याबरोबर एक तास एकटी वाजवणार आहे. समोरचे बहुतेक लोक झोपतील. कृपया ते मनावर घेऊ नका, ते त्यांचं दाद देणं आहे.

ताई, तुम्ही म्हणाला होता, माझी पेटी वाट करून देते, स्वतः चालत नाही. बावीस वर्षं मला वाटलं, तुम्ही मला नापास केलंत. आता मला नक्की ठाऊक नाही. पण वाट करून द्यायची सवय नसती, तर तो सूर मला ऐकू आला नसता, एवढं मात्र खरं.

मंचावर माझ्या मागची जागा रिकामी आहे. तंबोरा मी आणते, लावूनही देते, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही लावा. गाडी दुपारी तीनला दारात येईल. हॉलला पायऱ्या पाचच आहेत, नत्थूजींची चार माणसं खुर्चीसकट वर नेतील, त्यांना जड यंत्रं हलवायची सवय आहे. तुम्ही शिष्येच्या मागे कधी बसला नाहीत, हे मला माहीत आहे. एकवीस वर्षांत मंचावर पाऊल ठेवलेलं नाही, तेही माहीत आहे. बोटांचं कारण तुम्ही सांगाल, पण तंबोऱ्याला दोन बोटं पुरतात, आणि सरिता म्हणते की वाटाणे अजून तुम्हीच सोलता.

तासभर माझ्या मागे बसाल का?

देवकी'